गुणवंत काकाजींचा दगड

आपल्याकडे आलेला माणूस चप्पल काढतो, "बरं आहे ना?" म्हणतो आणि बसायला खुर्ची शोधतो. गुणवंत काकाजी चप्पल काढतात आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजला कान लावतात. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहतात. मग बाहेर येऊन खुर्चीत बसत जाहीर करतात, "आज लाईन पन्नासले जराशी कमी हाय. कुठंतरी लोड पडून राहिला."

म्हणजे असं, की आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि आज ती किंचित कमी खाते आहे. त्याने तुमचं, माझं किंवा फ्रीजमधल्या कोथिंबिरीचं काय बिघडतं, हे विचारायची सोय नाही. ते खरंच ऐकून सांगतात की फेकतात, हेही मला आजवर कळलेलं नाही. एकदा परीक्षा पाहावी म्हणून मी फ्रीजचं बटण बंद करून ठेवलं. काकाजींनी कान लावला, बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, आज शून्य हाय. चहा ठेवा."

काकाजी आमचे घरमालक. अमरावतीतल्या त्यांच्या घरात खाली ते आणि सुमनकाकू, वर आम्ही भाड्यानं. चांदूर रेल्वेजवळ त्यांची वडिलोपार्जित शेती आहे, ती भाऊ करतो. काकाजींनी नोकरी टेलिफोन खात्यात केली, आणि तिथून निवृत्त झाल्यावर जगातली प्रत्येक गोष्ट नीट जुळते आहे की नाही हे पाहण्याचं काम कुणी न सांगता अंगावर घेतलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे त्यांच्या मते माझा सगळा धंदाच अंदाजपंचे चालतो.

"अंदाजे म्हंजे खोटं," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरा आवडता शब्द "कितीनं?" तुम्ही म्हणालात, आज उकडतंय. काकाजी विचारणार, "कितीनं?" समोरच्यांचा मुलगा क्लासच्या परीक्षेत मागे पडला म्हणून त्याची आई रडत सांगायला आली, तेव्हाही ते म्हणाले, "कितीनं?" भाजीत मीठ जास्त झालं अशी तक्रार त्यांनी लग्नानंतर एकदाच केली. काकूंनी मिठाचा डबा त्यांच्यापुढे आदळला आणि विचारलं, "कितीनं? सांगा ना आता!" तेव्हापासून ते निमूटपणे जेवतात.

चांदूर रेल्वेला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. नवरदेवाचे मित्र वरातीत नाचता नाचता थांबेनात आणि मुहूर्त केव्हाच निघून गेला. अशा वेळी आपल्याकडे भटजी, व्याही आणि घड्याळ तिघंही समजूतदारपणे गप्प बसतात. भटजींनी "शुभ मुहूर्त सावधान" म्हणताच काकाजींनी खिशातून उपग्रहावर चालणारं आपलं घड्याळ काढलं आणि मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सावधान कायचं महाराज, मुहूर्त त कवाचाच गेला! कितीनं गेला ते सांगू?" लोकांच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. पुतणीच्या मामानं त्यांना दंडाला धरून जेवणाच्या पंगतीत नेऊन बसवलं, ते पंगत उठेपर्यंत तिथेच होते.

आता या माणसाला रेडिओचा छंद असावा, ही काकूंची पत्रिकाच म्हणायची. काकाजी हौशी रेडिओवाले आहेत. म्हणजे सरकारकडून परवाना घेऊन घरात स्वतःचा सेट बसवायचा, छतावर तार ताणायची आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्याशी आकाशातून बोलायचं. मोबाइल असताना हे का करायचं, असं मी एकदा विचारलं होतं. "मोबाईलवर कोनीबी बोलते," ते म्हणाले.

रोज सकाळी अंघोळ झाली की काकाजी सेटसमोर बसतात आणि अकोल्याच्या हबीबभाईंशी बोलतात. हबीबभाई वयानं काकाजींच्याच बरोबरीचे. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं पंखे-कुलरचं दुकान होतं, ते आता मुलगा सलीम चालवतो. दोघांची ओळखच मुळी हवेतली, पण हबीबभाईंच्या घरच्या लग्नात काकाजी पाहुण्यांचे चपला-जोडे सांभाळत दाराशी उभे होते आणि काकाजींच्या बायपासच्या वेळी हबीबभाई नागपूरला दवाखान्याच्या पायरीवर झोपले होते. त्यामुळे त्यांचं संभाषण अगदी गोड असेल असं तुम्हाला वाटत असेल.

"हबीबभाई, तुमचा आवाज बकरीसारखा येऊन राहिला. सेट नीट करा."

"सेट मेरा बराबर हाय गुणवंतराव. तुमचेच कान सरकले."

"कान नाई सरकला. तुमी सरकले. खाली सरकले."

"मी इथंच हावो. तुमीच वर चढून बसले, उतरा!"

भांडणाचं मूळ असं, की या प्रकारच्या रेडिओत दोघांच्या सेटचा आकडा, म्हणजे फ्रीक्वेन्सी, तंतोतंत जुळावी लागते. थोडी जरी इकडेतिकडे झाली तर माणसाचा आवाज बदलतो. एका बाजूला सरकली तर गळा दाबलेल्या बकरीचा, दुसऱ्या बाजूला सरकली तर विहिरीतून बोलणाऱ्या रेड्याचा. आता दोन सेट जुळत नाहीत एवढं कळतं, पण त्यांतला चुकीचा कोणता, हे सांगायला तिसरं कोणीतरी खात्रीचं लागतं. तसा खात्रीचा सेट ओळखीत कोणाकडेच नव्हता. म्हणून हे दोघं कित्येक महिने रोज सकाळी एकमेकांना बकरी आणि रेडा म्हणत होते.

शेवटी पैज लागली. दर रविवारी सकाळी विदर्भातले दहाबारा हौशी रेडिओवाले हवेत एका ठरलेल्या आकड्यावर जमतात. काकाजी त्याला "चावडी" म्हणतात. जो चुकीचा ठरेल त्यानं रविवारी चावडीवर, सगळ्यांच्या कानांदेखत म्हणायचं, "मी चुकलो." तुम्हाआम्हाला हे किरकोळ वाटेल. काकाजींनी हे वाक्य आयुष्यात एकदाही उच्चारलेलं नव्हतं, बायकोसमोरही नाही.

"पंच आनतो," ते हबीबभाईंना म्हणाले. "वरून आनतो, आकाशातून. मंग पाहू."

आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दगडाचं राज्य सुरू झालं.

दगड म्हणजे गारगोटी. गारगोटीच्या बारीक चकतीला वीज दिली की ती थरथरते, आणि मोठ्या इमानानं थरथरते. काकाजींनी मागवलेली सेकंदाला बरोबर एक कोटी वेळा थरथरणार होती. पण तिचे लाड फार. थंडी वाजली की तिची चाल बदलते, ऊन लागलं की बदलते, म्हणून ती एका चिमुकल्या भट्टीत बंद असते आणि ती भट्टी रात्रंदिवस सारखीच गरम ठेवावी लागते. एवढं करूनही वय झालं की ती आपली सरकतेच. म्हणून तिच्या डोक्यावर उपग्रह. उपग्रहांत अणुघड्याळं असतात, ती दर सेकंदाला एक टिचकी मारतात. दोन टिचक्यांच्या मध्ये गारगोटी बरोबर एक कोटी वेळा थरथरली का, हे डबा मोजत बसतो. कमीजास्त झाली की हळूच तिचा कान पिळतो. असं करता करता ती वळणावर आली की डब्यावरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागतो. हिरवा लागला की तुमच्याकडे असा आकडा आला, की ज्याच्यापुढे अख्ख्या वऱ्हाडात कोणाची बोलायची छाती नाही.

डबा मी म्हणते ते शब्दशः घ्या. काकाजींनी हे सगळं काकूंच्या शेवेच्या स्टीलच्या डब्यात बसवलं होतं. भट्टी थंड पडू नये म्हणून बाजूला स्कूटरची बॅटरी, भारनियमनाची सोय म्हणून. आणि वरून काकूंचीच जुनी शाल.

"चाळीस वर्सं संसार केला," काकू मला म्हणाल्या. "माह्ये गुडघे दुखते त कधी शेकायले पानी गरम करून नाई देल्लं. अन् त्या दगडाले चोवीस तास शेक चालू हाय."

"दगडाले टेंपरेचर सारखं लागते," काकाजी आतून म्हणाले.

"मलेबी लागते!"

उपग्रह दिसायला उघडं आकाश हवं, म्हणून भुईछत्रीच्या आकाराचा एक अँटेना आमच्या छतावर आला. छत हे माझं कुरडया वाळवायचं ठिकाण. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात कोणत्याही कागदावर न लिहिलेला एक करार असतो, त्यात छत उन्हाळ्यात भाडेकरणीचं असतं. मी कुरडया घातल्या, त्यांनी अँटेना ठेवला. मी ओली चादर दोरीवर टाकली, ती वाऱ्यानं अँटेनावर जाऊन पडली आणि खालून आरोळी आली, "मॅडम, चार सॅटेलाईट गेले!" मी म्हटलं, चादर वाळली की येतील परत. त्यांना ते पटलं नाही, पण आले बरं का परत.

त्यानंतर मात्र सगळेच गेले. डब्याचा लाल दिवा काही केल्या जाईना. काकाजींनी डबा खोलला, जोडला, पुन्हा खोलला. अमेरिकेवर संशय घेतला. सूर्यावर वादळ झालं असेल म्हणाले. अकोल्याहून हबीबभाई रोज विचारत, "काय गुणवंतराव, पंच आला का आकाशातून? का त्याले तिकीट नाई भेटलं?" काकाजींचं जेवण कमी झालं. चौथ्या दिवशी मी कुरडया उलटायला छतावर गेले तर जिथे अँटेना होता तिथे जर्मनचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, पालथा घातलेला आणि वर वीट ठेवलेली.

काकूंनी घातला होता. आभाळ भरून आलं होतं, गारा पडतील असं रेडिओवर, म्हणजे चांगल्या माणसांच्या रेडिओवर, सांगितलं होतं. "इतक्या हौसेनं आनलं त्यायनं," त्या म्हणाल्या, "गारीनं फुटलं असतं त मानूस जेवला नसता." काकाजी छतावर गेले. वीट काढली, गंज काढला, आणि संध्याकाळी मी पाहिलं तर स्वयंपाकघरात स्वतः पाणी गरम करत उभे होते.

हिरवा दिवा लागला त्या दिवशी आम्हाला पेढे मिळाले. डब्यावरून काकाजींनी आधी स्वतःचा सेट तपासला. किंचित चुकला होता, तो दुरुस्त केला आणि त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. दुरुस्त सेटवर हबीबभाईंचा आवाज आधीपेक्षाही बकरीसारखा आला. काकाजींना झालेला आनंद माझ्या शब्दांत मावणार नाही.

"आता जातो अकोल्याले," ते म्हणाले. "त्याच्या घरात, त्याच्या डोयासमोर मोजतो."

यात माझा काही संबंध नव्हता. पण दगड थंड पडता कामा नये म्हणून डबा बॅटरीसकट, चालू स्थितीत, शालीत गुंडाळून न्यायचा होता. वायरी, बॅटरी आणि लुकलुकणारा दिवा असलेला स्टीलचा डबा घेऊन हा माणूस एकटा एसटीत बसला तर मूर्तिजापूरच्या पुढे जाणार नाही, हे काकूंनी ओळखलं. "वैशाली, तू संग जाय," त्या म्हणाल्या. "मास्तरीन दिसली का लोक इश्वास ठेवते." माझी मावशी अकोल्यात राहते, सुट्टी होती, म्हणून गेले.

एसटीत काकाजी खिडकीशी बसले आणि डबा मांडीवर धरून शालीचं टोक त्याच्यावर ओढून घेतलं. वारा लागू नये म्हणून त्यांनी पुढच्या-मागच्या खिडक्याही लावायला लावल्या. वैशाखात बंद खिडक्यांच्या एसटीतून गेलेल्या लोकांनी मला क्षमा करावी. पलीकडच्या बाकावरच्या आजीबाईंना मात्र गहिवरून आलं.

"लेकरू किती दिसाचं हाय, भाऊ?"

काकाजींना खोटं बोलता येत नाही. "चालू करून तीन मयने झाले," ते म्हणाले.

आजी जवळ सरकल्या. "दूध पिते ना बराबर?"

"बारा व्होल्ट."

मग आजींनी वाकून शालीत पाहिलं. त्यांना आत लाल दिवा दिसला. पुढची पंधरा मिनिटं गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि मी कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि अर्ध्या गाडीला गारगोटीचा धडा शिकवत होते. वर्गात कोणी माझं इतकं लक्ष देऊन ऐकलेलं नाही. शेवटी कंडक्टरनं विचारलं, "म्हंजे हे घेऊन जाऊन करान काय?" काकाजी म्हणाले, "एका मानसाले त्याची चूक दाखोतो." कंडक्टरला हे पटलं. त्यानं घंटी मारली.

हबीबभाई दारातच उभे होते. उंच, सडसडीत, नीट कातरलेली पांढरी दाढी. "आओ पंच, आओ!" म्हणत त्यांनी काकाजींचा हात धरला आणि आत सेटच्या खोलीत जाईपर्यंत सोडला नाही. मला ती मैत्री वाटली, आणि ती होतीही. सुनेनं चहा आणि नानकटाई आणली. सलीम दुकान बंद ठेवून घरी थांबला होता. अँटेना छतावर ठेवायला काकाजी, सलीम आणि मी वर गेलो.

वर गेल्यावर सलीमनं जिन्याचं दार लोटून घेतलं.

"चाचा, बरं झालं तुमी आले," तो हळू आवाजात म्हणाला. "अब्बाले आता दिसत नाई. डॉक्टर म्हनते काचबिंदू हाय, गेली ती नजर येत नाई वापस. मागल्या मयन्यात सोल्डरिंगनं पुरा हात भाजून घेतला. करंटचं काम हाय हे, मले दुकानात बसून धाक राह्यते. म्या म्हनलं सेट काढून ठेवू, त ऐकत नाईत. म्हनतात, मेरा सेट एकदम बराबर हाय, म्हंजे मले दिसते. आज तुमच्या मशीननं चूक निघाली का तुमी सांगून द्या. माह्यं नाई ऐकत, तुमच्या डब्याचं ऐकतीन. मंग उचलतो मी तो सेट."

पोरगं वाईट नव्हतं. बापाच्या काळजीनंच बोलत होतं. काकाजींनी अँटेना ठेवला, सरळ केला, पुन्हा सरळ केला. "हं," एवढंच म्हणाले.

खाली आलो. हिरवा दिवा लागायला वेळ होता. तेवढ्यात हबीबभाईंनी आम्हाला आपला सेट दाखवला. कुठे कोणती वायर, कोणतं बटण, सगळं हातानं चाचपत, पण इतक्या सवयीनं, की सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. सेटच्या मोठ्या बटणाला चिकटपट्टी लावलेली होती, कोणी फिरवू नये म्हणून. मग दिवा हिरवा झाला आणि काकाजींनी डब्याला जोडलेलं मोजायचं यंत्र सुरू केलं.

"आधी तुमचा आकडा वाचा," काकाजी म्हणाले. "तुमचा सेट काय दाखोते ते."

हबीबभाई सेटकडे वळले, मान थोडी पुढे केली आणि खणखणीत आवाजात आकडा वाचला, शेवटच्या अंकापर्यंत. सेटवर धुळीसाठी विणलेला रुमाल टाकलेला होता. तो पुढून खाली उतरला होता आणि सगळे आकडे त्याच्याखाली झाकलेले होते. हबीबभाई त्या रुमालाकडे पाहून वाचत होते.

सलीमचं लक्ष डब्याकडे होतं. काकाजींनी हात लांब करून रुमाल हळूच वर सरकवला, जणू चहाचा कप उचलतोय असा.

मग हबीबभाईंनी माइकचं बटण दाबलं, शीळ घातली, आणि काकाजींचं यंत्र मोजायला लागलं. मी विज्ञानाची बाई नाही, पण आकडे मलाही वाचता येतात. यंत्रावरचे शेवटचे तीन आकडे हबीबभाईंनी वाचलेल्या कशाशीही जुळत नव्हते. इतक्या महिन्यांची बकरी तिथे समोर, हिरव्या दिव्याच्या साक्षीनं उभी होती. काकाजी जिंकले होते.

 हबीबभाईंनी चेहरा काकाजींच्या दिशेनं केला, पण अंदाजानं, थोडा बाजूला. त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"बोला गुणवंतराव. किती?"

काकाजींनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. परत लावला. मी त्यांना इतका वेळ लावताना कधी पाहिलं नव्हतं.

"बराबर हाय," ते म्हणाले.

"चाचा, नीट पाह्यलं ना?" सलीम पुढे झाला.

काकाजींनी तोवर यंत्राचं बटण बंद केलं होतं. "नीट पाह्यलं म्हनून त सांगून राहिलो. माहाच सेट चुकला होता. रईवारी सांगतो सर्व्यायले."

हबीबभाईंनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की आतून सून धावत आली. "देखा? देखा सलीम? म्या काय म्हनत होतो!" आणि त्यानंतर तासभर त्यांनी काकाजींची जी काही उडवली त्याला तोड नाही. आकाशातून पंच आणला आणि पंचानं यांच्याच पाठीत लाथ घातली, असं ते शेजारच्या खिडकीत उभ्या माणसालाही सांगून आले. काकाजी नानकटाई खात बसले होते. अधूनमधून "हो ना, हो ना" म्हणत होते.

परतीच्या एसटीत त्यांनी खिडकी सताड उघडली. डबा पायाशी होता. शाल घातलेली नव्हती आणि बॅटरीची वायर काढलेली होती.

"काकाजी, तुम्ही खोटं बोललात," मी म्हटलं.

"हो."

"तिथल्या तिथे सेट सरकवून का नाही दिला? सलीमला कळलंही नसतं."

"सरकवला असता. जुना सेट हाय, आठ दिवसात पुन्हा सरकीन. त्याले दिसत असतं त त्यानंच पकडलं असतं ना."  मूर्तिजापूर गेल्यावर पुन्हा बोलले. "फातिमाभाभी गेल्या तवापासून तो घरात कोनाशी बोलत नाई, मॅडम. पोरगा दुकानात, नातवं मोबाईलात. सक्काय सक्काय माह्याशी बोलते. सेट उचलला का तो त्या खोलीत नुसता बसून राहीन."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी काय," काकाजी म्हणाले. "मीबी बसून राहीन." आणि त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.  

रविवारी सकाळी मी मुद्दाम खाली गेले. काकूही हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या, कारण नवऱ्याच्या तोंडून ते वाक्य ऐकायची संधी पुन्हा येणार नव्हती. डबा पुन्हा सुरू झालेला होता, दिवा हिरवा होता, आणि सेटवर चावडीचा ठरलेला आकडा तंतोतंत लावलेला होता. त्या आकड्यावर यवतमाळचा एक तरुण इंजिनिअर, वर्ध्याचे एक मास्तर आणि बाकीची मंडळी स्वच्छ बोलत होती. हबीबभाई मात्र बकरीसारखे येत होते, आता तर फारच.

काकाजींनी बटणावर हात ठेवला आणि ते खाली फिरवायला लागले, केसाएवढं, मग आणखी केसाएवढं. चावडीच्या आकड्यापासून ते दूर जात होते. यवतमाळचा इंजिनिअर रेडा झाला, वर्ध्याचे मास्तर रेडा झाले, आणि हबीबभाईंचा आवाज हळूहळू भरत गेला, आणि एका जागी आल्यावर अचानक हबीबभाई खोलीत आल्यासारखे झाले. तिथे काकाजी थांबले आणि त्यांनी माइक उचलला.

"सर्व्यायले नमस्कार. मी गुणवंत. हबीबभाई बराबर होते. मी चुकलो."

काकूंनी पदर तोंडाला लावला. पलीकडून यवतमाळचा इंजिनिअर भीतभीत म्हणाला, "काकाजी, माफ करा, पण आज तुम्ही बरेच खाली सरकलात. तुम्ही आणि हबीबभाई, दोघंही."

"कोन सरकलं?" काकाजी कडाडले. "माह्याजवळ सॅटेलाईटचा डबा हाय. तुमच्याजवळ हाय का?"

"नाही, पण..."

"मंग? आमी दोघं बराबर हावोत. तुमी सारेच वर चढून बसले. उतरा खाली."

आणि उतरले हो! ज्याच्या घरात उपग्रह आहे त्याच्याशी वाद कोण घालणार? आधी वर्ध्याचे मास्तर उतरले, मग नागपूरचे कोणी, मग अचलपूरचे, शेवटी कुरकुरत यवतमाळ. एकेक आवाज वेडावाकडा होत होत सरळ झाला. दहाबारा शहाणी माणसं आपले चांगले जुळलेले सेट बिघडवून अकोल्यातल्या एका न दिसणाऱ्या माणसाच्या चुकीवर येऊन बसली, आणि हबीबभाई त्या सगळ्यांच्या मधोमध हसत म्हणाले, "हां, अब आयी सब की आवाज साफ!"

काकाजींनी डबा उचलून त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

"बोला हबीबभाई," ते माइकमध्ये म्हणाले. "आज काय जेवले?"